यू-टर्न मास्तर

मास्तरांच्या हाताखाली गाडी शिकलेला माणूस लांबूनही ओळखू यायचा. गाडी वळवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नसे. गल्ली अरुंद असो, दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असोत, समोरून कचऱ्याचा ट्रक येत असो, मास्तरांचा विद्यार्थी अशा सफाईने गाडी उलटी फिरवायचा की बघणाऱ्याने बघतच राहावं. पार्किंग मात्र यथातथाच. चढावर थांबवलेली गाडी पुन्हा उचलणं तर त्याहून बेताचं. पण यू-टर्न म्हटला की सगळे पहिल्या नंबरात.

लोकांना वाटायचं, मास्तरांची ही खास पद्धत आहे. त्यावरूनच त्यांना यू-टर्न मास्तर हे नाव पडलं होतं. ऑफिसच्या काचेवर ड्रायव्हिंग स्कूलचं भलंमोठं नाव रंगवलेलं होतं, पण ते फक्त रंगाऱ्याला आणि मास्तरांना माहीत. बाकी सगळे "यू-टर्नवाले कुठे बसतात हो?" असंच विचारत यायचे. मास्तर हसायचे. "पुढे काय, कोणीही जातं," म्हणायचे. "परत फिरता आलं पाहिजे."

ही सगळी थाप होती. खरं कारण मास्तरांनी सख्ख्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

गाडीचं चाक कशावरून तरी गेलं की मास्तरांच्या पोटात गोळा यायचा. स्पीडब्रेकर असो, खड्डा असो, कोणी टाकलेली रिकामी बाटली असो. धक्का बसला की प्रश्न आलाच. काय होतं ते? कोणाचा पाय तर नव्हता? एखादं लहान मूल? मास्तरांना पक्कं ठाऊक असायचं की तो स्पीडब्रेकरच होता. पिवळे पट्टे होते, शेजारी पाटी होती, गेली कित्येक वर्षं तो तिथेच होता. पण प्रश्न काही ऐकायचा नाही. नीट बघितलंस का? शंभर टक्के खात्री आहे का?

"वळवून घ्या," मास्तर शांत आवाजात सांगायचे.

विद्यार्थी बिचारा वळवून घ्यायचा. परत येऊन बघावं तर रस्ता लख्ख मोकळा. मास्तरांच्या जिवात जीव यायचा. मग पुन्हा पुढे जायला निघायचं, तर वाटेत तोच स्पीडब्रेकर, तोच धक्का आणि तोच प्रश्न. आता आली का पंचाईत? "छान. पुन्हा एकदा वळवून घ्या." असा शिकवणीचा निम्मा वेळ एकाच स्पीडब्रेकरच्या अल्याडपल्याड जायचा. विद्यार्थ्यांना वाटायचं, काय मेहनत घेतो हा माणूस!

संध्याकाळी गाडी दारात लागली की मास्तर फडकं घेऊन बंपरपाशी उकिडवे बसायचे. पुसायचे, वाकून बघायचे, बोटाने चाचपायचे. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. घरी येताना तिला हे रोजचं दृश्य दिसायचं. "माझ्याकडे कधी इतकं निरखून बघितलंत का?" ती विचारायची. मास्तर हसून वेळ मारून न्यायचे. सकाळी पेपर आला की आधी अपघाताच्या बातम्या. वर अधूनमधून ट्रॅफिक चौकीला फोन. "आमच्या भागात काल काही झालं का हो? मुलांना उदाहरण द्यायला बरं पडतं." चौकीतल्या हवालदाराला या फोनची इतकी सवय झाली होती की तो आवाज ऐकूनच म्हणायचा, "कोणी गेलं नाही मास्तर. चहा घ्या निवांत."

मास्तर चहा घ्यायचे, पण निवांतपणा कुठला?

इथपर्यंत हसण्यावारी नेता येईल. हसावंच, मास्तर स्वतःही एकटे असताना कधीकधी स्वतःवर हसत. पण दिवसभर डोक्यात भुंगा असला की माणूस थकतो. तसे मास्तर थकले, आणि त्या थकव्यात एका दुपारी त्यांच्या मनात आलं, आपणच नसलो तर?

पहिल्यांदा आलं तेव्हा मास्तरांची पाचावर धारण बसली. हे कुठून आलं? मला खरंच मरायचंय की काय? आता मास्तरांचा स्वभाव तुम्हाला कळलाच आहे. ते तपासायला परत फिरले. मनाशी विचारलं, मरायचंय का? नाही. नक्की? नक्की. मग बरं वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा शंका, पुन्हा परत. रस्त्यावर चाललेला प्रकार आता डोक्यातही सुरू झाला, आणि तिथे वळवून घ्यायला विद्यार्थीसुद्धा लागत नव्हता.

त्यातली वाईट गोष्ट पुढेच आहे. असे महिने गेले आणि मास्तरांच्या लक्षात आलं की त्या विचाराची भीती वाटेनाशी झालीय. उलट जरा बरंच वाटतंय. नसलो की गाडी नाही. गाडी नाही की धक्का नाही. कोणाच्या अंगावर काही जायची भानगडच नाही. भर उन्हात सावलीचं बाकडं दिसावं तसा तो विचार दिसायला लागला. मास्तर तिथे जाऊन बसायला लागले, रोज जरा जास्त वेळ. आणि घरी बायकोने विचारलं, "काय हो, गप्पसे?" तर "डोकं दुखतंय" म्हणायचे.

अशा वेळी मावशीने गाडी शिकायचं मनावर घेतलं.

मावशी म्हणजे मास्तरांच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यापासून तीच आईच्या जागी होती, आणि आई होती तेव्हाही रागवायचं काम हिच्याकडेच होतं. अर्धं आयुष्य तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढलं होतं. दोन माणसं जोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं, असा नियम होता. मावशी जोडून द्यायची, पण बाजूला कितपत व्हायची हे तिचं तिलाच ठाऊक. निवृत्त झाली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि एक दिवस ती ऑफिसात येऊन समोरच्या खुर्चीत बसली.

"बबड्या, मला गाडी शिकव."

चाळिशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या माणसाला तिच्याशिवाय कोणी बबड्या म्हणत नव्हतं. ऑफिसात दोन विद्यार्थी बसले होते. त्यांनी लगेच खिडकीबाहेर काहीतरी बघायला सुरुवात केली.

"मावशी, या वयात?"

"तुझ्या शेजारी बसून शिकायचंय, तुझ्याएवढं लहान व्हायचं नाहीये. चावी आण."

मावशी गाडी चालवायची त्याला हिंमत लागायची. तिला नव्हे, शेजारी बसणाऱ्याला. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक होता. मावशी आल्यापासून तो बिचारा झिजला. ती गिअर बदलायची ते भांडण उकरून काढल्यासारखी. हॉर्न वाजवायची आणि वर खिडकीतून सांगायचीही, "बाजूला व्हा हो, शिकतेय मी!" पण यू-टर्न? पंधरवड्यात असा बसला की मास्तर बघत राहिले.

परीक्षेचा दिवस आला. मैदानात पांढऱ्या रेषा आखलेल्या, मध्ये एक स्पीडब्रेकर, कडेला खुर्ची टाकून परीक्षक साहेब बसलेले. मावशीने आठचा आकडा काढला. चढावर गाडी एकदा मागे घसरली, पण सावरली. शेवटी सरळ पट्टा होता. स्पीडब्रेकर ओलांडायचा, सरळ जायचं, पुढच्या रेषेवर थांबायचं की लायसन्स हातात. मावशीने स्पीडब्रेकर ओलांडला, आरशात बघितलं, मान मागे वळवून बघितलं, इंडिकेटर दिला आणि झोकात यू-टर्न मारून परत आली.

साहेबांनी कपाळावर हात मारला.

"मास्तर, इकडे या. मी कधीचा विचारीन म्हणतोय. तुमची सगळी माणसं स्पीडब्रेकर गेला की मागे का फिरतात? गेल्या आठवड्यात तो बँकवाला फिरला. त्याच्या आधी ती कॉलेजची मुलगी. मागे काय ठेवलेलं असतं तुमचं?"

रांगेतली माणसं खो खो हसली. मावशीही हसली. नापास झाल्याचं दुःख तिला फारसं नव्हतं. पुन्हा यायला मिळणार होतं. मास्तरही हसले, कारण चारचौघात तसंच करायचं असतं. पण आतून ते खचले. म्हणजे हे माझ्यापुरतं राहिलं नाही. मी सगळ्यांना लावून ठेवलं. शिकवणारा मीच असा, उद्या यातल्या कोणी भलत्या जागी गाडी वळवली आणि मागून ट्रक आला तर? आणि त्यांना ते सावलीचं बाकडं इतकं जवळ दिसलं की आज जाऊन बसलं तर पुन्हा उठायला नको, असं वाटलं.

परतीच्या वाटेवर मावशीच गाडी चालवत होती. बडबड अखंड चालू होती. साहेबांच्या मिशा, साहेबांचं पेन, साहेबांची खुर्ची. मास्तर "हो, हो" म्हणत होते.

"पुढच्या वेळी पास होईन बघ मी."

"हो. तू दुसरीकडे नाव घाल मावशी. तो बसस्टँडजवळचा चांगला शिकवतो."

"का? तू कुठे चाललास?"

मास्तर काही बोलले नाहीत.

मावशीने आयुष्यभर तारेवरची माणसं ऐकली होती. लोक काय बोलतात यापेक्षा कुठे थांबतात, ते तिच्या कानात आधी पडायचं. तिने इंडिकेटर दिला, गाडी लाँड्रीच्या दुकानाशेजारी कडेला घेतली, आणि शिकवणीत पहिल्यांदाच अगदी धक्का न बसता उभी केली. इंजिन बंद केलं.

"बबड्या, इकडे बघ. जीव द्यायचे विचार येतात का तुला?"

इतकं सरळ कोणी विचारेल असं मास्तरांना वाटलं नव्हतं. आडून विचारलं असतं तर त्यांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं असतं. या प्रश्नाला डोकेदुखी पुरणारी नव्हती.

"येतात," ते म्हणाले.

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. धक्के, बंपर, पेपर, हवालदार, सगळं. लाँड्रीवाला इस्त्री करता करता बघत होता. मावशी एकदाही "छे, असं काही नसतं" म्हणाली नाही, की "तुला काय कमी आहे" म्हणाली नाही. तिचा हात त्यांच्या मनगटावर होता आणि तो तिने काढला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायच्या भानगडीतही ती पडली नाही.

"आज? आत्ता येतोय?"

"मघाशी मैदानावर आला होता. मोठा."

"मग आज तुला एकटं सोडायचं नाही. तुझ्या बायकोला सांगायचं, आत्ता. तू सांगतोस की मी सांगू?"

"मावशी, तिला नको गं."

"मला सांगितलंस ते गुपित ठेवायला नाही. रागव माझ्यावर पाहिजे तर. पण रागवायला तू राहायला पाहिजेस."

चष्म्याच्या दुकानात तेव्हा एक गृहस्थ सहावी फ्रेम नाकावर चढवून बघत होते. बायकोने दारात या दोघांना बघितलं, मास्तरांचा चेहरा बघितला, आणि गिऱ्हाईकाला म्हणाली, "हीच छान दिसते, घ्या." मग मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी उभं राहून मास्तरांनी सांगितलं. निम्मं त्यांनी सांगितलं, निम्मं मावशीने.

"आणि मी समजत होते, यांचा गाडीवर जीव आहे," बायको म्हणाली. मग रडली. मग चिडली. "मी रोज बाजूने जाते आणि तुम्ही बंपर पुसत बसता! मला हाक मारता येत नव्हती?" मास्तर रडता रडता हसले, कारण ते बरोबर होतं.

दुसऱ्याच दिवशी तिघं मनाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलायला मोकळ्या होत्या. मास्तरांनी सगळं सांगितलं आणि मान खाली घालून निकालाची वाट बघत बसले. बाई म्हणाल्या, "याला ओसीडी म्हणतात. नको तो विचार घुसतो, आणि तो घालवायला माणूस तीच तीच गोष्ट करत राहतो. केली की घटकाभर बरं वाटतं, म्हणूनच ते वाढतं."

"म्हणजे मी वेडा नाही?"

"थकलेले आहात. फार थकलेले." मग त्यांनीही मावशीसारखंच सरळ विचारलं, मरणाच्या विचाराबद्दल. कधी येतो, घाबरवतो की बरा वाटतो. मास्तरांनी बाकड्याचं सांगितलं. बाईंनी मान डोलावली. "या आजारात असे विचार पुष्कळांना येतात, आणि पुष्कळ जण लपवतात. तुम्ही बोललात, चांगलं केलंत. भीतीचा विचार आणि बरा वाटणारा विचार, दोन्ही मला सांगायचे. दुसरा तर त्याच दिवशी. बायकोला सांगा, मावशींना सांगा, मला फोन करा, नाहीतर सरळ इथे या. वेळ बघायची नाही."

गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. पण दुसरा उपाय ऐकून मास्तरांचे डोळे पांढरे झाले. स्पीडब्रेकरवरून जायचं आणि परत फिरायचं नाही. आरशात दुसऱ्यांदा बघायचं नाही. बंपर नाही, पेपर नाही, हवालदार नाही. पोटात गोळा आला तर येऊ द्यायचा, आणि त्याच्यासकट पुढे जायचं. आणि मावशीला "काही नव्हतं ना?" असं विचारलं, तर मावशीने उत्तर द्यायचं नाही.

"म्हणजे मी गप्प बसायचं?" मावशी म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला औषध म्हणून गप्प बसायला सांगतंय."

पहिल्या दिवशी ऑफिसजवळचा स्पीडब्रेकर ओलांडल्यावर मास्तरांच्या कपाळाला घाम फुटला. "मावशी, काही नव्हतं ना?" "मला माहीत नाही." "अगं, तू चालवत होतीस!" "मी चालवते तेव्हा मला काय माहीत असतं?" त्या दिवशी ते पुढच्या चौकापर्यंत गेले आणि मास्तरांनी हार मानली, परत फिरले. दुसऱ्या दिवशी चौकाच्या पुढे गेले. मधे एक आठवडा फारच वाईट गेला. तेव्हा स्कूल बंद ठेवलं, बायकोने दुकानातून रजा घेतली, बाईंनी रोज बोलावलं. मग पुन्हा गाडी निघाली. सरळ रस्ता हळूहळू लांबत गेला. विद्यार्थ्यांच्या पार्किंगमध्ये आश्चर्यकारक सुधारणा झाली, कारण शिकवायला आता वेळ उरायला लागला. हवालदारानेच एकदा काळजीने फोन केला, "मास्तर, तब्येत बरी आहे ना? फोन नाही तुमचा." मास्तर म्हणाले, "बरी होतेय."

दुसऱ्या परीक्षेत मावशीने स्पीडब्रेकर ओलांडला आणि सरळ रेषेवर जाऊन थांबली. साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मावशीने खिडकीतून हात बाहेर काढून त्या स्वीकारल्या.

परतताना तीच चालवत होती. लाँड्रीचं दुकान आलं तसं तिने रोजचा प्रश्न विचारला. बडबडीच्या मधेच ती तो विचारायची, औषधाची वेळ झाली का विचारावं तसा.

"आज आला होता का?"

"सकाळी आला होता. बाकड्याचाच."

"मग?"

"हिला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, इथेच थांबा. एकेक भांडं पुसायला देत होती. शेवटचं पुसेपर्यंत बराच ओसरला. मग बाईंना फोन केला. उद्या जायचंय."

"बरं केलंस," मावशी म्हणाली, आणि तेवढ्यात चाक कशावरून तरी गेलं.

चांगला दणका बसला. इथे स्पीडब्रेकर नव्हता. मास्तरांच्या पोटात तो जुना गोळा आला, पहिल्या दिवसाइतकाच मोठा. मान मागे वळायला लागली, ती त्यांनी जोर लावून समोर ठेवली. पाय ब्रेकवर गेला, तोही उचलला. मावशीचा चेहरा पांढरा पडला होता. एवढी बोलकी बाई, ओठ घट्ट मिटून बसली होती. चौक जवळ आला, पहिल्या दिवशी जिथून ते मागे फिरले होते तोच.

"कुठे घेऊ, मास्तर?" तिने विचारलं. ती त्यांना मास्तर कधीच म्हणत नसे.

"सरळ," मास्तर म्हणाले. "घरी चल. ती वाट बघत असेल."

मावशीचा हात सवयीने इंडिकेटरकडे गेला होता. मास्तरांनी तो हळूच उचलला आणि स्टिअरिंगवर परत ठेवला.